व्यवस्थापनातली सत्ता आणि अधिकार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावी वाणिज्यपासून एमबीएपर्यंतचे विद्यार्थी, लोकप्रशासन विषय घेतलेले उमेदवार आणि नव्यानं साहेब झालेली मंडळी यांच्याकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवात सोप्या प्रश्नांनी आहे, अडचणीचे प्रश्न शेवटी. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे पुन्हा न सांगता त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सत्ता आणि अधिकार यांत फरक काय? बोलताना तर दोन्ही एकच वाटतात.

समोरच्याचा विरोध असला तरी आपलं म्हणणं अमलात आणता येण्याची शक्यता म्हणजे सत्ता. ती पैशातून येवो, धाकातून येवो, माहिती दाबून ठेवल्यानं येवो, सत्तेच्या व्याख्येला त्यानं फरक पडत नाही. अधिकाराचं तसं नाही. आदेश देणाऱ्याला तो देण्याचा हक्क आहे असं ऐकणाऱ्यांना वाटतं, म्हणून ते ऐकतात. तिथे अधिकार असतो. समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरनं हा फरक जर्मनमध्ये 'माख्ट' आणि 'हेरशाफ्ट' अशा दोन शब्दांनी केला.

कारखान्याच्या गेटवरचा रखवालदार जनरल मॅनेजरची गाडी थांबवून डिकी उघडायला लावतो. पगारात आणि पदात तो कितीतरी खाली आहे, पण गाडी तपासण्याचा अधिकार त्याचा आहे आणि मॅनेजरही तो मानतो. त्याच गेटवर माथाडींचा एखादा म्होरक्या 'आज ट्रक खाली होणार नाही' म्हणतो आणि ट्रक खरंच उभा राहतो. कंपनीच्या कुठल्याही कागदावर त्याला तसा हक्क दिलेला नसतो. ती सत्ता.

२. व्यवस्थापनाच्या अभिजात (क्लासिकल) सिद्धान्तात नेमकी कोणाची नावं घ्यायची?

तीन नावं हमखास: अमेरिकेतला फ्रेडरिक टेलर (१८५६–१९१५), फ्रान्समधला हेन्री फेयॉल (१८४१–१९२५) आणि जर्मनीतला मॅक्स वेबर (१८६४–१९२०). त्यांच्या जोडीला मूनी आणि रायली (पुस्तक १९३१ चं), गुलिक आणि अर्विक (पुस्तक १९३७ चं). मराठी पुस्तकांत कुठे 'अभिजात', कुठे 'सनातनवादी', कुठे 'पारंपरिक' असा शब्द सापडेल, विचार तोच.

या तिघांनी मिळून एखादा पंथ काढला होता असं मात्र लिहू नका. वेबर समाजशास्त्रज्ञ होता, व्यवस्थापकांसाठी तो लिहीतच नव्हता. फेयॉलचं लिखाण १९१६ मध्ये खाण उद्योगाच्या एका फ्रेंच नियतकालिकात आलं आणि ज्यातून ते इंग्रजी जगात सगळीकडे पोचलं तो अनुवाद थेट १९४९ चा. वेबरचा संबंधित भाग इंग्रजीत १९४६-४७ मध्ये आला. तिघांना एका प्रकरणात बसवलं ते नंतरच्या पाठ्यपुस्तकांनी.

३. फेयॉलनं अधिकाराची व्याख्या कशी केली?

आदेश देण्याचा हक्क आणि आज्ञापालन करवून घेण्याची ताकद, दोन्ही मिळून अधिकार. उत्तरपत्रिकेत बहुतेक जण पहिला अर्धा भाग लिहून थांबतात. दुसरा भाग सोडला की फेयॉलच्या म्हणण्यातला जीवच जातो.

पुढे तो अधिकाराचे दोन झरे सांगतो. एक पदातून येणारा अधिकार, दुसरा व्यक्तीचा स्वतःचा: बुद्धी, अनुभव, नैतिक वजन, माणसं सांभाळण्याची हातोटी, आजवरची कामगिरी यांतून आलेला. मराठी माणसाला हे समजायला सोपं जावं, कारण आपल्या भाषेत दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदतात. 'सही करायचा अधिकार तहसीलदारांना आहे' असंही आपण म्हणतो आणि 'अभंगांवर बोलण्याचा त्यांचा अधिकार मोठा आहे' असंही. फेयॉलच्या मते चांगल्या प्रमुखाला पदाच्या अधिकाराला स्वतःच्या अधिकाराची जोड लागतेच.

४. अधिकार आणि जबाबदारी बरोबरीनं असावी म्हणजे काय? आणि जबाबदारी व उत्तरदायित्व वेगळं कसं?

ज्याच्या गळ्यात काम घातलं त्याला ते पूर्ण करण्यापुरते अधिकार द्या, आणि ज्याला अधिकार दिले त्याला परिणामांचा जाबही विचारा. फेयॉलच्या चौदा तत्त्वांपैकी हे दुसरं. जबाबदारी कामाची असते आणि ती खाली सोपवता येते. उत्तरदायित्व म्हणजे त्या कामाचा जाब वरच्याला देण्याचं बंधन. ते सोपवून संपत नाही. कनिष्ठानं चूक केली तरी वरच्याच्या वरिष्ठापुढे उभं राहायचं ते वरच्यालाच.

बिघाड दोन्ही बाजूंनी होतो. स्टोअरचा साठा कमी पडू देऊ नकोस असं खरेदी विभागातल्या मुलाला बजावलं, पण पाच हजारांच्या ऑर्डरलाही दोन वरच्या सह्या लागतात: जबाबदारी आहे, अधिकार नाही. असा माणूस थोड्याच दिवसांत 'मी फाइल वर पाठवली होती' एवढंच बोलायला शिकतो. उलट बाजूला, उत्पादनाचं वेळापत्रक बदलण्याचा अधिकार विक्रीप्रमुखाला दिला आणि वाया गेलेल्या मालाचा हिशेब मात्र उत्पादनप्रमुखाकडून मागितला, तर वेळापत्रक रोज बदलतं.

काम सोपवताना चार गोष्टी लेखी हव्यात: काम कोणतं, खर्चाची किंवा निर्णयाची मर्यादा किती, कोणत्या बाबी विचारल्याशिवाय करायच्या नाहीत, आणि अहवाल कधी द्यायचा. चौथी गोष्ट राहून जाते आणि मग साहेब दर तासाला फोन करत बसतात.

५. साहेब रजेवर असले की सही कोणी करायची? यावर सिद्धान्त काही सांगतो का?

सांगतो, आणि तेही एका घोड्याच्या निमित्तानं. १८६१ मध्ये फ्रान्समधल्या कॉमेंट्री गावच्या कोळसा खाणीत माल ओढणाऱ्या घोड्याचा पाय मोडला. फेयॉल तेव्हा विशीतला अभियंता. त्यानं दुसऱ्या घोड्यासाठी चिठ्ठी लिहून दिली. तबेल्याच्या माणसानं चिठ्ठीवर संचालकांची सही नाही म्हणून घोडा द्यायला नकार दिला. संचालक त्या दिवशी हजर नव्हते आणि त्यांच्या जागी कोणाला नेमलेलंही नव्हतं. काम बंद पडलं. फेयॉलनं यातून काढलेला निष्कर्ष असा की अधिकाराच्या जागी कायम कोणीतरी असलंच पाहिजे. प्रमुख नसेल तेव्हा त्याचा प्रतिनिधी.

तबेल्याच्या माणसाला दोष देण्यात अर्थ नाही. नियमाप्रमाणे तो बरोबरच वागला.

आपल्याकडे याला 'चार्ज देणं' म्हणतात, आणि गडबड चार्ज देण्याच्या आदेशातच होते. 'श्री. अमुक यांनी कार्यभार पाहावा' एवढ्या ओळीनं भागत नाही. कालावधी कुठपासून कुठपर्यंत, कोणते अधिकार दिले, किती रकमेपर्यंत, कोणते दिले नाहीत, आणि आदेशाची प्रत कोणाकोणाला दिली, हे सगळं हवं. शेवटचा मुद्दा क्षुल्लक वाटतो, पण लेखा शाखेला प्रत गेली नसेल तर प्रभारी अधिकाऱ्याची सही असलेलं बिल परत येतं. म्हणजे पुन्हा तबेला आणि पुन्हा तीच चिठ्ठी.

६. वेबरचे अधिकाराचे तीन प्रकार कोणते?

पारंपरिक: पूर्वापार चालत आलंय म्हणून मानायचं, वतनदार, गादीचा वारस. करिष्म्याचा: त्या माणसात काही असामान्य आहे असा अनुयायांचा विश्वास असतो म्हणून. विधिनिष्ठ-तर्कशुद्ध: नियमानं नेमलेल्या पदावर तो आहे म्हणून, आणि तेही नियमानं आखलेल्या मर्यादेतच.

तिसऱ्या प्रकाराचं शुद्ध रूप म्हणजे नोकरशाही. ठरलेली कार्यक्षेत्रं, पदांची उतरंड, लेखी नोंदी, पात्रतेवर नेमणूक, ठरलेला पगार, आणि कार्यालयाची मालमत्ता अधिकाऱ्याच्या खासगी मालमत्तेपासून वेगळी. कचेरीची जीप घरच्या लग्नाला वापरणं गैर का, याचं उत्तर या शेवटच्या मुद्द्यात आहे.

करिष्म्याची अडचण वारसाची. मूळ माणूस गेला की तो अधिकार एकतर घराण्यात जातो, म्हणजे पारंपरिक होतो, नाहीतर पदात आणि नियमांत उतरतो. संस्थापकानं उभी केलेली संस्था दुसऱ्या पिढीत का डळमळते, हे समजायला याचा फार उपयोग होतो.

७. आमच्या कंपनीत मालक घराण्यातले, वागायला करिष्मावाले आणि कागदावर एमडी. कोणत्या प्रकारात टाकायचं?

तिन्ही. वेबरचे प्रकार शुद्ध नमुने आहेत, कप्पे नाहीत. प्रत्यक्षात नेहमी मिश्रणच सापडतं. कोणता आदेश कशाच्या जोरावर चालला हे पाहिलंत तर उत्तर मिळेल. एमडी म्हणून दिलेल्या पत्रावर बँक कर्ज देते ते नियमाच्या जोरावर. सुट्टीच्या दिवशी सगळे कामगार येतात ते कदाचित त्यांच्या वडिलांच्या पुण्याईवर.

८. वेबरनं नोकरशाहीची शिफारस केली होती ना?

तांत्रिकदृष्ट्या ती सर्वांत कार्यक्षम आहे असं तो म्हणाला. अचूकता, सातत्य, शिस्त या बाबतींत. पण माणूस यात यंत्राचा दात होऊन अडकतो ही भीतीही त्यानंच मांडली. 'वेबर नोकरशाहीचा पुरस्कर्ता' असं सरळ लिहिलंत तर जाणकार परीक्षक गुण कापेल.

९. आदेशाची एकता आणि दिशेची एकता यांत कायम गोंधळ होतो.

आदेशाची एकता माणसाबद्दल आहे: एका कर्मचाऱ्याला एकाच वरिष्ठाकडून आदेश. दिशेची एकता कामाबद्दल आहे: एकाच उद्दिष्टाच्या सगळ्या कामांना एक प्रमुख आणि एक योजना. पुस्तकांत 'ऐक्य', 'एकवाक्यता' असे शब्द येतात, त्यानं बिचकू नका. फेयॉलच्या मते दिशेची एकता संघटनेच्या चांगल्या रचनेतून मिळते; आदेशाची एकता तिच्याशिवाय टिकत नाही, पण ती आहे म्हणून आपोआप येतेही असं नाही.

१०. मग टेलरनं एका कामगारावर आठ फोरमन कसे नेमले?

कारण त्याच्या मते एका फोरमनमध्ये लागणारे सगळे गुण सापडणं जवळपास अशक्य. म्हणून त्यानं फोरमनचं काम आठ तुकड्यांत वाटलं. चौघे नियोजन खोलीत: कामाचा क्रम आणि मार्ग ठरवणारा, सूचनापत्र लिहिणारा, वेळ आणि खर्च नोंदवणारा, शिस्त पाहणारा. चौघे यंत्रांजवळ: गँग बॉस, स्पीड बॉस, इन्स्पेक्टर, आणि यंत्राची देखभाल पाहणारा रिपेअर बॉस.

फेयॉलनं यावर उघड टीका केली. तज्ज्ञांची मदत घ्यावी हे त्याला मान्य होतं, आदेशाची एकता मोडणं मान्य नव्हतं. टेलरच्या बाजूनं इतकंच म्हणता येईल की प्रत्येक बॉसचा विषय वेगळा होता, आणि अधिकार ज्ञानातून यावा हा त्याचा आग्रह होता. पण प्रत्यक्षात विषय एकमेकांत घुसतात. स्पीड बॉस यंत्राचा वेग वाढव म्हणतो, इन्स्पेक्टर माल खरबरीत आला म्हणून परत करतो. कामगारानं कोणाचं ऐकायचं? हा तंटा सोडवणारा नववा माणूस लागतो, आणि तोच खरा बॉस ठरतो.

११. सरकारी खात्यात तर दोन साहेब असतातच. हा नियमभंग मानायचा का?

काटेकोर फेयॉल लावला तर हो. पंचायत समितीतल्या गटशिक्षणाधिकाऱ्याचं उदाहरण घ्या: तालुक्यात गटविकास अधिकारी, आणि विषयापुरते जिल्हा परिषदेतले शिक्षणाधिकारी. प्रशासकीय नियंत्रण एकाचं, तांत्रिक दुसऱ्याचं, अशी फोड करून ही व्यवस्था चालवली जाते. 'काय शिकवायचं, कसं तपासायचं' आणि 'कुठे हजर राहायचं, कोणाला रजा द्यायची' हे वेगळं ठेवता येतं तोवर फोड टिकते. एकाच दिवशी एकानं शाळातपासणी लावली आणि दुसऱ्यानं तालुक्याला बैठक बोलावली की फोड संपते. अशा वेळी कोणाचं वरचढ, हे आधी लेखी ठरलेलं नसेल तर खालचा माणूस गोपनीय अहवाल कोण लिहितो ते पाहतो आणि त्याचं ऐकतो.

१२. सगळं 'थ्रू प्रॉपर चॅनेल'च जायला हवं का? गँगप्लँक म्हणजे काय?

फेयॉलनं एक शिडी कल्पिली. सर्वांत वर अ. तिच्या एका बाजूला अ पासून खाली पाचव्या पायरीवर फ, दुसऱ्या बाजूला तितक्याच खाली प. 'फ'ला 'प'शी बोलायचं असेल तर साखळीनुसार पाच पायऱ्या वर, पाच खाली, आणि उत्तर परत यायला पुन्हा दहा. त्याऐवजी फ आणि प यांच्यात आडवी फळी टाकायची. तीच गँगप्लँक.

'साहेबाला वळसा घालण्याची परवानगी' असा तिचा अर्थ लावला जातो, तो चूक. तिला अटी आहेत. दोघांच्याही लगतच्या वरिष्ठांची संमती हवी. जे ठरलं ते दोघांनी ताबडतोब आपापल्या वरिष्ठांना कळवायचं. दोघांचं जमलं नाही किंवा वरिष्ठांनी संमती काढून घेतली, की फळी उचलली जाते आणि विषय पुन्हा साखळीत जातो. दुसरी अट सर्वांत जास्त मोडली जाते. आज ईमेलला 'सीसी' असतो तो याच अटीसाठी वापरायचा. सतरा जणांना सीसी करणं म्हणजे फळी नव्हे, ते अंग काढून घेणं.

१३. एका साहेबाच्या हाताखाली किती माणसं असावीत?

अर्विकचा आकडा पाच, फार तर सहा. पण त्याला एक अट जोडलेली आहे आणि परीक्षेत ती कोणी लिहीत नाही: ज्यांची कामं एकमेकांत गुंतलेली आहेत असे कनिष्ठ. एकाच प्रकारचं, स्वतंत्र काम करणारे वीस जण एका पर्यवेक्षकाखाली असू शकतात.

साहेबाला किती संबंध सांभाळावे लागतात याचं सूत्र ग्रेक्युनासचं, १९३३ चं. कनिष्ठांची संख्या 'न' मानली तर एकूण संबंध = न × (२ चा न-१ वा घात + न - १). पाच जणांसाठी: थेट संबंध ५, आपापसातले २०, गटांमार्फतचे ७५, मिळून १००. सहावा माणूस आला की २२२, आठ जणांना १०८०. एक माणूस वाढला की ताण एकानं वाढत नाही, हे यातून दिसतं. हे सगळे शक्य संबंध आहेत, रोज घडणारे नव्हेत. म्हणून आकडा शब्दशः घेऊ नका.

१४. अधिकार वरून येतो हे सगळे सांगतात. पण खालच्यानं ऐकलंच नाही तर?

तर त्या क्षणी अधिकार नव्हताच, असं चेस्टर बर्नार्ड म्हणतो. तो न्यू जर्सी बेल टेलिफोन कंपनीचा अध्यक्ष होता; त्याचं पुस्तक १९३८ चं. कालानं तो अभिजातांच्या काठावरचा, विचारानं पलीकडचा. त्याच्या मते आदेश स्वीकारला जायला चार गोष्टी लागतात: तो समजला पाहिजे, संस्थेच्या हेतूशी विसंगत वाटता कामा नये, एकंदरीत स्वतःच्या हिताविरुद्ध वाटता कामा नये, आणि तो पाळणं शरीरानं व मनानं शक्य पाहिजे.

रोजचे बहुतेक आदेश लोक विचार न करता मानतात. त्या पट्ट्याला तो उदासीनतेचा पट्टा म्हणतो. तो नोकरीच्या मोबदल्यानुसार रुंद किंवा अरुंद असतो. कारकुनाला पत्र टाईप करायला सांगितलं तर तो पट्ट्याच्या आत. रविवारी साहेबांच्या घरचं सामान हलवायला सांगितलं तर बाहेर.

बर्नार्ड फेयॉलला खोडून काढतो असं सरधोपट लिहिलं जातं. प्रश्न ३ मधला दुसरा अर्धा भाग पुन्हा पाहा. आज्ञापालन करवून घेण्याची ताकद पदाबरोबर आपोआप मिळत नाही हे फेयॉललाही ठाऊक होतं. बर्नार्डनं तोच धागा खालच्या टोकाकडून पकडला.

१५. मेरी पार्कर फॉलेटला कुठे ठेवायचं?

या अमेरिकी विचारवंत बाईंना (१८६८–१९३३) 'वर्तनवादाची', म्हणजे माणसांच्या वागण्याला महत्त्व देणाऱ्या विचाराची, पूर्वसूरी म्हणून वेगळं ठेवतात. त्यांचे दोन मुद्दे इथे लागतात. पहिला, दुसऱ्या*वर* गाजवायची सत्ता आणि दुसऱ्या*सह* उभी करायची सत्ता वेगवेगळी असते. दुसरा, परिस्थितीचा नियम: आदेश माणसानं माणसाला देऊ नये, दोघांनी मिळून परिस्थिती काय मागते ते शोधावं आणि तिचं ऐकावं. बॉयलरचा दाब लाल रेषेपुढे गेला की फोरमन आणि फिटर दोघेही गेजचा हुकूम मानतात. तिथे कोणाचाच अपमान होत नाही.

१६. साहेबांच्या पीएला काडीचा अधिकार नसतो, तरी सगळे त्याला वचकून का असतात?

भेटीची वेळ, फाइल वर ठेवायची की खाली, साहेबांचा मूड, हे त्याच्या हातात असतं. प्रश्न १ च्या भाषेत ही अधिकाराविना सत्ता. अभिजात लेखक इथे तोकडे पडतात, कारण त्यांचा तक्ता चौकोन आणि रेषांचा. रेषेवर बसलेला माणूस त्यात दिसत नाही. सत्तेचे स्रोत मोजणारी फ्रेंच आणि रेव्हन यांची यादी (कायदेशीर, बक्षिसाची, धाकाची, तज्ज्ञतेची, आदर्शाची) १९५९ ची आहे. ती अभिजात सिद्धान्ताच्या उत्तरात घालू नका.

१७. साहेबांनी तोंडी सांगितलं, नंतर 'मी असं बोललोच नाही' म्हणाले. काय करायचं?

लेखी नोंद हा वेबरच्या नमुन्याचा कणा (प्रश्न ६), आणि आपल्या सेवानियमांत तो उतरलेला आहे. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ मधला नियम ३ सांगतो की वरिष्ठाचा आदेश सामान्यतः लेखी असावा. तोंडी देणं टळण्यासारखं नसेल तर वरिष्ठानं लगेच लेखी दुजोरा द्यावा, आणि कनिष्ठानंही तो लवकरात लवकर मागावा.

मागताना 'लेखी द्या, नाहीतर करत नाही' असा सूर लावला की भांडण होतं. त्याच दिवशी छोटी टिप्पणी ठेवावी: 'आज दुपारी दिलेल्या सूचनेनुसार अमुक कार्यवाही सुरू केली आहे, अवलोकनार्थ सादर.' तारीख, वेळ आणि कामाचं नेमकं स्वरूप त्यात यावं. आदेश दोन पायऱ्या वरच्या साहेबांनी थेट दिला असेल तर टिप्पणी आपल्या लगतच्या वरिष्ठामार्फतच वर पाठवावी, म्हणजे मधल्या माणसाला अंधारात ठेवल्याचा ठपका येत नाही. सूचना उघड बेकायदेशीर असेल तर मात्र ती पाळल्याची टिप्पणी लिहून सुटका होत नाही. तिथे काम सुरू करण्याआधी लेखी आदेश मागायचा, आणि हरकत कोणत्या नियमाखाली आहे ते त्याच कागदावर लिहायचं.